कलावंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव: यादीपासून तबकापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, स्थापना १९५१, आता अमृत महोत्सव. कलाक्षेत्रात करिअर केलेल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव करायचे संस्थेने ठरवले आहे. यादीत आजवर दोनच नावे आली आहेत, मालिकांमधली एक अभिनेत्री आणि ऑर्केस्ट्रातून पुढे आलेला एक गायक. बाकीची माणसे कुठून शोधायची, निवड कशी करायची, कार्यक्रम कसा बसवायचा, आणि हे सगळे बेताच्या पैशांत कसे भागवायचे?

पंचाहत्तर वर्षांत शाळेतून हजारो मुले बाहेर पडली आणि त्यातली दोघेच कलेत गेली, असे होत नसते. टीव्हीवर आणि बॅनरवर दिसली ती दोघे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आधी निकष ठरवा, नावे नंतर. निकष सोपा ठेवा: ज्याचे घर किमान दहा वर्षे मुख्यतः कलेवर चालले आहे, तो कलावंत. या चाळणीतून बघा, यादी कशी फुगते ते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, गणपतीच्या कारखान्यातला मूर्तिकार, भजनी मंडळांना आणि गायकांना साथ करणारा तबलजी, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, तमाशाच्या फडातला ढोलकीवाला, घरच्या हॉलमध्ये चाळीस मुलींना भरतनाट्यम शिकवणारी बाई, नाटकाचा प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, मुखपृष्ठे करणारी चित्रकार, मालिकेचा संकलक, ॲनिमेशनच्या स्टुडिओतला मुलगा, दुसऱ्या गावच्या शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. पु. ल. देशपांडे पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी होते हे सगळ्यांना ठाऊक असते. बँडवाल्याची शाळा कोणती हे शाळेलाच शोधावे लागते.

दुसरी अट शाळेतल्या मुक्कामाची. तीन वर्षे पुरेत. दहावी उत्तीर्ण असण्याची अट मात्र अजिबात घालू नका. कलेकडे गेलेल्यांपैकी बरेच जण आठवी-नववीत शाळा सोडून गेलेले असतात, काही गणितात नापास होऊन. शाळेला हा घास गिळायला जड जातो आणि मग एखादा सदस्य ‘पण तो आपल्याकडून पास कुठे झाला?’ असे बैठकीत विचारतो. उत्तर आधीच लेखी निकषात असले की वाद होत नाही.

शोधाची सुरुवात जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीपासून, करू नका. तिथे नावांचा समुद्र आहे आणि कलेचा एक शब्द नाही. आधी शाळेचे वार्षिक अंक आणि हस्तलिखिते काढा: मुखपृष्ठ कोणी केले, रेखाटने कोणाची, कविता कोणाच्या. मग चित्रकला शिक्षकांच्या कपाटातली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची निकालपत्रे बघा. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांना बसलेल्यांची यादी ग्रेडसह असते, आणि इंटरमिजिएटला ‘ए’ मिळालेली मुले पुढे कुठे गेली हे विचारत गेले की निम्मे चित्रकार सापडतात. नाटकासाठी बालनाट्य स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो. गाण्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचे गावातले केंद्र. मध्यमा, विशारद झालेल्यांची नावे केंद्र चालवणाऱ्या गुरुजींना तोंडपाठ असतात. रजिस्टर काढायचे ते शेवटी, नाव आणि वर्षे ताडून पाहायला.

माणसांकडे चौकशी करताना निवृत्त कलाशिक्षकांइतकाच जुना शिपाई महत्त्वाचा. संमेलनाचा पडदा त्यानेच ओढलेला असतो. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकताना शब्द जपून वापरा. ‘कलाक्षेत्रात नाव कमावलेले कोण?’ असे विचारले की पुन्हा तीच दोन नावे येतात. ‘आपल्या वर्गातले कोण आज चित्र, गाणे, वाद्य, नाच, नाटक, मूर्ती, पाट्या, कॅमेरा यांपैकी कशावर घर चालवते?’ असे विचारा. आणि मुलींची नावे माहेरच्या आडनावाने विचारा. शास्त्रीय गाण्या-नाचाचे वर्ग चालवणाऱ्या कितीतरी जणी केवळ लग्नानंतर नाव बदलल्यामुळे शाळेच्या यादीतून निसटतात. शोधाला तीन महिने द्या. पंधरा दिवसांत केलेली यादी गावातल्या गावात फिरते.

निवडीसाठी सात जणांची समिती पुरे: मुख्याध्यापक, चित्रकला आणि संगीताचे शिक्षक, संस्थेचा एक प्रतिनिधी, वेगवेगळ्या दशकांतले दोन माजी विद्यार्थी, आणि शाळेशी काही संबंध नसलेला कलाक्षेत्रातला एक जाणकार. हा सातवा माणूस टाळू नका. आकाशवाणीची ‘बी हाय’ श्रेणी म्हणजे काय आणि ‘ए’ म्हणजे काय, मुंबईच्या जहांगीर कलादालनातले स्वतंत्र प्रदर्शन आणि भाड्याच्या हॉलमधले सामूहिक प्रदर्शन यांत फरक काय, हे त्यालाच कळते. समितीतल्या कोणाचेही नातेवाईक यादीत असतील तर त्या नावाच्या चर्चेवेळी त्याने उठून बाहेर जायचे, आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची. पहिल्या वर्षी बारा जण घ्या, पुढे दरवर्षी चार. एकदाच तीस-चाळीस जणांना रांगेत उभे करून शाल घालण्यापेक्षा हे कितीतरी बरे. बारात कमीत कमी चार पडद्यामागचे असावेत आणि दिवंगत कलावंतांसाठी एक-दोन जागा राखाव्यात. त्यांच्या घरच्यांना बोलवताना, मंचावर कोण येणार हे घरातल्या घरात ठरू द्या. त्यात शाळेने पडू नये.

तारीख ठरवताना सर्वाधिक चुका होतात, कारण शाळा स्वतःच्या सोयीने बघते आणि कलावंताचे पोट ज्या दिवशी भरते तोच दिवस मागते. रविवारची संध्याकाळ सर्वांत वाईट: नाटकवाल्यांचे प्रयोग, गायकांचे कार्यक्रम, नृत्याचे वर्ग, सगळे शनिवार-रविवारीच. मूर्तिकाराला मे महिन्यापासून गणेशचतुर्थीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. दशावतारी नट कार्तिकापासून जत्रांमध्ये अडकलेला. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते उन्हाळ्यातल्या यात्रा उरकेपर्यंत परतत नाहीत. दिवाळीचा आठवडा ‘दिवाळी पहाट’वाल्या गायकांचा. पुण्याकडचे शास्त्रीय गायक-वादक हवे असतील तर डिसेंबरातले ‘सवाई’चे, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे, दिवस वगळा. ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, कागदावर फार शोभतो, पण तो दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास पडतो आणि शाळेत मुलेच नसतात. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला दहावी-बारावीची धामधूम असते.

यातून निघणारी वाट म्हणजे शनिवारची सकाळची शाळा. डिसेंबरचा तिसरा किंवा जानेवारीचा दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ. मुले शाळेत असतातच, शनिवारी सुट्टी असलेले वर्गमित्र येऊ शकतात, आणि कलावंत दुपारी किंवा रात्री आपल्या प्रयोगाला पोहोचू शकतो. लांबून येणारे शुक्रवारी येतील, म्हणजे शुक्रवारी दुपारी कार्यशाळा आपोआप बसतात. तमाशातल्या किंवा दशावतारातल्या माणसाला मात्र त्याची मोकळी तारीख विचारून वेगळा दिवस द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात त्याच्या एकट्याचा कार्यक्रम केला तरी तो गौरवच. मालिकेतल्या कलाकारांच्या चित्रीकरणाच्या तारखा त्यांच्या हातात नसतात. दीड महिना आधी लेखी होकार घ्या, आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा, आणि होकाराआधी त्यांचा फोटो फ्लेक्सवर छापू नका. येतो म्हणून न आलेल्या अभिनेत्रीपेक्षा छापलेला आणि फुकट गेलेला फ्लेक्स गावात जास्त दिवस लक्षात राहतो.

पहिला फोन मुख्याध्यापकांनी करावा, लिपिकाने नव्हे. फोननंतर एक पानी फॉर्म पाठवा. त्यात विचारायचे ते एवढेच: नाव देवनागरीत कसे छापायचे, शाळेतले तेव्हाचे नाव, शाळेतली वर्षे, कोणत्या शिक्षकांचा उल्लेख हवा, कामाचा एक मिनिटाचा नमुना, कार्यशाळा घेणार का, सादरीकरण करणार का, सोबत किती माणसे, जेवण-मुक्काम, प्रवास कसा. कलावंताला ‘तुम्ही येणारच आहात तर दोन गाणी म्हणा’ असे सांगू नका. सादरीकरण मागितले की ते काम झाले, आणि कामाचे मानधन ठरवून द्यावे लागते. तो स्वतः घेणार नाही म्हणाला तरी तबला-हार्मोनियमच्या साथीदारांचे पाकीट वेगळे, त्याच दिवशी, कार्यक्रम संपताच. साथीदाराला ‘नंतर पाठवतो’ म्हणणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आता छपाई. सन्मानपत्राचा मजकूर ६० ते ८० शब्दांचा असावा. ‘कलेच्या प्रांगणात उत्तुंग भरारी’ वगैरे काढून टाका आणि तिथे माहिती घाला: कोणत्या वर्षी शाळेत आला, काय शिकला, कोणाकडे, आज काय करतो. त्याच्या चित्रकला किंवा संगीत शिक्षकांचे नाव हवेच. नाव कसे छापले जाते याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. गावातल्या छापखान्यात अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरतात. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर तिकडे बदलून घेताना पहिला फटका बसतो तो ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ला. ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते, ‘बऱ्हाणपूरकर’च्या डोक्यावर रफार चढतो, ‘सूर्यवंशीं’वरचा अनुस्वार गळतो, ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन येतो. म्हणून तपासणी मोबाइलवरच्या मजकुराची नको, छापखान्यातून आलेल्या पीडीएफची, तीही कागदावर काढून, आणि दोघांनी: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने फॉर्मशी ताडायचे. मग ते पान कलावंताला पाठवून त्याचा होकार घ्यायचा. कागद ३०० जीएसएमचा, मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर मंचाचा दिवा पडला की फोटोत नुसता पांढरा डाग येतो.

स्मृतिचिन्हासाठी ॲक्रिलिकची ट्रॉफी घेण्यापेक्षा, त्याच्या वेळच्या वार्षिक अंकातले त्याचे चित्र किंवा कविता असलेले पान चांगले स्कॅन करून (६०० डीपीआय) फ्रेम करून द्या. खर्च कमी येतो आणि दुसरीकडे कुठे मिळणारी ही वस्तू नाही. इथे एक सावधानता. काही शाळा हौसेने जनरल रजिस्टरमधल्या नोंदीचीच फ्रेम करतात आणि मंचावरून दाखवतात. त्या नोंदीत जात, धर्म, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडण्याचे कारण, सगळे असते. ‘सतत गैरहजर’ किंवा ‘फी थकल्याने नाव कमी’ असेही. ते चारचौघांत दाखवायचे नसते. मागितली तर त्याची त्याला प्रत द्या, बंद पाकिटातून.

मंचावरचा वेळ घड्याळ लावून मोजा. एका सत्काराला काय लागते: नाव आणि चार ओळींची माहिती ४० सेकंद, खुर्चीतून उठून मंचावर यायला २५, शाल २०, श्रीफळ आणि सन्मानपत्र २०, फोटो २५, परत जायला २०. अडीच मिनिटे. त्यात प्रत्येकाच्या कामाची एक मिनिटाची चित्रफीत आणि प्रत्येकाचे तीन मिनिटांचे मनोगत धरले तर माणशी साडेसहा. बारा जणांचे ७८ मिनिटे. मनोगत तीन मिनिटांत कोणी आवरत नाही, तेव्हा प्रत्यक्षात दोन तास, आणि अजून पाहुणे बोललेलेच नाहीत. ही गोष्ट आठवीतल्या मुलाच्या जागी बसून बघा.

त्याऐवजी चार-चारचे तीन गट करा. गटाचे सत्कार आणि चित्रफिती १४ मिनिटांत होतात. लगेच चौघांना खुर्च्यांवर बसवा आणि नववीतल्या दोघांनी त्यांना प्रश्न विचारावेत, १० मिनिटे. प्रश्न मुलांनी स्वतः लिहिलेले असावेत. ‘महिन्याला पैसे किती मिळतात?’ हा प्रश्न शिक्षक खोडतात. खोडू नका, मुलांच्या आणि पालकांच्या मनात तोच असतो, आणि उत्तर द्यायचे की नाही हे कलावंत बघून घेईल. असे २४ मिनिटांचे तीन गट म्हणजे ७२. मधल्या दोन जागांमध्ये १२-१२ मिनिटांची सादरीकरणे, २४. प्रार्थना आणि प्रास्ताविक ८, प्रमुख पाहुणे १०, अध्यक्ष ६, आभार ३. एकूण १२३ मिनिटे. साडेआठला सुरू केले तर पावणेअकराच्या आत मुले वर्गात. पाहुण्यांना दहा मिनिटांची मर्यादा निमंत्रणपत्रातच लिहून द्या. मंचावर चिठ्ठी पाठवून पुढाऱ्याचे भाषण थांबत नाही. क्रम प्रसिद्धीचा नको, शाळा सोडल्याच्या वर्षाचा ठेवा. सर्वांत जुना विद्यार्थी पहिला. मग अभिनेत्री आठवी आली काय आणि अकरावी आली काय, तक्रारीला जागा राहत नाही.

हार-तुरे, शाल-श्रीफळ याला नाके मुरडणारे असतात, पण गावात शाल अंगावर पडणे याला अर्थ आहे, ती ठेवा. फक्त तबके आधी लावा. प्रत्येक तबकात शाल घडी मोडून, श्रीफळ, सन्मानपत्र, फ्रेम. तबकाच्या कडेला चिकटपट्टीवर क्रमांक आणि नाव. बारा तबके क्रमाने टेबलावर, एक मुलगी तबक देणार, एक रिकामे घेणार, आणि एक शिक्षक फक्त सन्मानपत्रावरचे नाव वाचून सोडणार. एकाचे सन्मानपत्र दुसऱ्याच्या हातात जाते ते नेहमी एकाच कारणाने: आयत्या वेळी कोणीतरी गैरहजर असतो आणि त्याचे तबक रांगेतून काढलेले नसते. चित्रफिती एकाच लॅपटॉपमध्ये, क्रमांक देऊन, एमपी४ स्वरूपात घ्या. यूट्यूबवरून थेट लावू नका. नेट अडकते, नाहीतर सन्मानाच्या मधोमध साबणाची जाहिरात लागते.

मंच आणि ध्वनी. मुंबईच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमीचे मोठे पर्व घडले; तेव्हा हॉल साधा आहे याची लाज नको. पण फरशी बघा. कथक किंवा भरतनाट्यम सिमेंटच्या कोब्यावर करायला लावू नका, गुडघे-टाचा दुखावतात. लाकडी पट्ट्या फूट-फूट अंतरावर टाकून त्यावर १८-१९ मिलिमीटरचे प्लायवूड, निदान २० फूट बाय १६ फूट, स्क्रूची डोकी आत बसवलेली. त्यावर मंडपवाल्याचा गालिचा अंथरायचा नाही: पाय अडकतो आणि घुंगरांचा आवाज मरतो. नाच अनवाणी असतो, म्हणून आदल्या रात्री हाताने चाचपून ढलप्या आणि खिळे बघा.

गायकाला स्वर आधी विचारा. काळी एक, पांढरी चार, काळी चार, जे असेल ते तबलजीला आठवडाभर आधी कळले पाहिजे, कारण त्या स्वराचा तबला त्याला आणायचा असतो. शाळेची हार्मोनियम कपाटात पडून बेसूर झालेली असते. एकटी वाजवली तर खपून जाते, पण सोबत कीबोर्ड असेल तर दोघांचे स्वर घासतात. गायक स्वतःची पेटी आणणार का हे विचारून ठेवा. माइक लागतात ते असे: गायकाला एक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्याला एक, आणि कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर दोन मॉनिटर. सूर लावायला अर्धा तास द्या आणि तो प्रेक्षक येण्याआधी. ध्वनिवाला लग्नाच्या वरातीचा असेल तर त्याला बास कमी करायला दोनदा सांगावे लागते. पत्र्याच्या छताखाली खालच्या पट्टीचा आवाज नुसता घुमतो आणि शब्द कळत नाहीत.

चित्रकार-शिल्पकारांचे काम दाखवायचे असेल तर सात दिवसांचे प्रदर्शन करा, म्हणजे प्रत्येक वर्गाला एक तास बघता येईल. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर टांगतात; पाहणारी पाचवी-सहावीची मुले आहेत, तुम्ही १३५ वर घ्या. भिंतीला दुहेरी टेप लावू नका, डिस्टेंपरसकट फ्रेम खाली येते. तुळईपासून नायलॉनच्या दोऱ्या सोडा किंवा प्लायची पार्टिशन्स भाड्याने आणा. जलरंग आणि कागदावरच्या कामाला प्रकाश ५० लक्सच्या आसपास, तैलरंगाला १५० ते २०० चालतो. खिडकीतून ऊन येणारी भिंत जलरंगाला देऊ नका. प्रत्येक चित्र घेताना पुढून-मागून फोटो, आकार, असलेले ओरखडे, आणि कलावंताने सांगितलेली किंमत पावतीवर लिहून दोघांच्या सह्या. विमा घ्यायचा तर त्याच्या घरच्या खिळ्यावरून उतरल्यापासून परत तिथे टांगेपर्यंतचा घ्या, नुसता शाळेतला नको. चित्रे बहुतेक वेळा टेंपोतच फुटतात.

शुक्रवारच्या कार्यशाळा हा या सगळ्यातला मला सर्वाधिक किमतीचा भाग वाटतो. पैसे कमी पडले तर मंडप लहान करा, कार्यशाळा काढू नका. पंचवीस-तीस मुलांचा गट, दीड तास. आठवी-नववीची मुले घ्या आणि निवड वर्गशिक्षकांच्या ‘हुशार’ यादीवरून नको, मुलांना स्वतः नावे देऊ द्या. मूर्तिकाराला शाडू माती लागेल, माणशी साधारण किलोभर, आदल्या दिवशी भिजवून मळलेली आणि ओल्या पोत्याखाली झाकलेली. हात धुवायला बादल्या ठेवा. शाडू बेसिनमध्ये गेला की नळवाला बोलवावा लागतो. सुलेखनकाराला बोरू, शाई, आणि जाड कार्ट्रिज कागद माणशी पाच. साध्या वहीच्या कागदावर शाई फुटते आणि मुलाला वाटते आपलाच हात वाईट. नाटकवाल्याला काहीही नको, बाके हलवलेला रिकामा वर्ग द्या. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला शाळेची एक खरी भिंत द्या आणि त्याच्या हाताखाली सहा मुले. देवनागरीची शिरोरेषा ब्रशने एका दमात कशी ओढतात ते जवळून बघायला मिळणे आता सोपे राहिलेले नाही.

परवानग्यांचे थोडक्यात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून, पंधरा दिवस आधी अर्ज. शाळेचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, तेव्हा सभागृहाच्या आतच कार्यक्रम करा. कॉपीराइट कायद्यात शाळेने आपल्या विद्यार्थी-शिक्षकांकडून पालकांसमोर केलेल्या कार्यक्रमाला सूट आहे. बाहेरचे कलाकार आणि गावासाठी खुला कार्यक्रम त्यात धरून चालू नका. गाण्यांच्या शब्द-चालींसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना, ध्वनिमुद्रित गाणे वाजवायचे तर त्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाचा वेगळा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यांचे लेखन खुले आहे. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची. नाट्यप्रवेश जाहीरपणे करायचा तर लेखकाची लेखी परवानगी हवी आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित आहे का ते बघा. व्यावसायिक नाटकातला प्रवेश असेल तर निर्मात्याकडे प्रमाणपत्र असते, प्रत मागून घ्या.

पैसा माजी विद्यार्थ्यांकडूनच येईल. पावती संस्थेच्या नावाची, आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घेऊ नका. त्यावरच्या रोख देणगीला सवलत नाही. परदेशातल्या वर्गमित्रांच्या बाबतीत आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिक असेल तर तो अमेरिकेत राहूनही नेहमीच्या बँकमार्गे स्वतःच्या कमाईतून देऊ शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलेला असेल तर, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने ती घेणे गुन्हा आहे. प्रेमाने पाठवलेले पैसे परत करायची वेळ येते ती इथे. सत्कारार्थी कलावंताकडे मात्र देणगी मागू नका, त्या वर्षी तर नाहीच.

शेवटचे काम जपणुकीचे. शनिवारी दुपारी जेवणानंतर प्रत्येकाची अर्ध्या तासाची मुलाखत एका शांत वर्गात ध्वनिमुद्रित करा. पंखा बंद, खिडक्या बंद, कॉलरचा माइक, ४८ किलोहर्ट्झ. शाळेतल्या आठवणींवर पाच मिनिटे पुरेत. उरलेला वेळ त्याच्या कामावर: साहित्य कुठून आणता, पहिले पैसे कधी मिळाले, हात कोणी वळवला. ध्वनिफीत कुठे वापरायची याची लेखी संमती तिथेच घ्या. फाइलच्या तीन प्रती: एक कार्यालयात, एक संस्थेकडे, एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर.

सभागृहातल्या एस.एस.सी.च्या पहिल्या क्रमांकांच्या लाकडी फलकाशेजारी, त्याच मापाचा, त्याच लाकडाचा, तशाच सोनेरी अक्षरांचा दुसरा फलक करून घ्या. वर्ष, नाव, कला. टक्क्यांचा रकाना नको. खाली निदान वीस ओळी रिकाम्या सोडा. अक्षरे त्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घ्या, मजुरी देऊन. त्याचे स्वतःचे नाव त्याच्या हातून लिहिले जाईल तेव्हा मुलांना बघायला बोलवा. प्रदर्शनातली चित्रे मात्र प्रदर्शन संपल्यापासून आठ दिवसांच्या आत, सही केलेल्या पावतीसह, घरपोच परत गेली पाहिजेत. पुढच्या वर्षी चित्र मागायला तुम्हालाच पुन्हा फोन करायचा आहे.